स्मशानातला कचरा घरून येतो: सोलापुरातल्या स्मशान-दफनभूमीसाठी वर्गीकरणापासून खतापर्यंत

मातीला गेलेली माणसं परत निघताना मागे वळून बघत नाहीत, तशी रीतच आहे. त्यामुळे आपल्यामागे काय काय पडून राहिलं हे बहुतेकांनी कधी पाहिलेलंच नसतं. मी पाहिलं ते योगायोगाने. एका नातेवाइकाच्या मयताला चष्मा हरवला म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी शोधायला गेलो. चष्मा मिळाला नाही. ओट्याच्या कडेला तिरडीचे दोन बांबू पडले होते, त्यांना गुंडाळलेली नायलॉनची दोरी होती, कापराची फाटकी पाकिटं, गुलालात भिजलेला हार, चहाचे कप, आणि भिंतीला टेकवून ठेवलेली एक गादी. गादीत कुत्रीने पिल्लं घातली होती.

तेव्हापासून आम्ही सहा-सात जण आमच्या भागातल्या स्मशानभूमीत दर आठवड्याला जातो. चुकत चुकत जे जमलं ते इथे लिहितोय. प्रभागातलं मंडळ, समाजाचा ट्रस्ट, ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा, कोणालाही हे करता येईल. मोठं यंत्र लागत नाही, जागा लागते आणि चिकाटी लागते.

सोलापूरचं एक वेगळेपण आधी लक्षात घ्या. इथे एकाच शहरात दहनही आहे आणि दफनही, आणि दोन्ही मोठ्या प्रमाणावर. रूपाभवानी, मोदी इथल्या स्मशानभूमी, पद्मशाली समाजाच्या, लिंगायत समाजाच्या जागा, कब्रस्तानं, ख्रिस्ती दफनभूमी. प्रत्येक ठिकाणचा कचरा निराळा. एका जागेसाठी लिहिलेला नियम दुसऱ्या जागी चिकटवू नका.

आधी माणसं, मग डबे

आमची पहिली चूक हीच. आम्ही रंगीत डबे घेऊन गेलो आणि तिथल्या कर्मचाऱ्याशी नीट बोललोच नाही. दोन दिवसांत डबे उलटे पडलेले. कारण साधं होतं. मयतावरचं कापड, टोपलीतली नाणी, उरलेली लाकडं यांवर पिढ्यान्‌पिढ्या कोणाचा ना कोणाचा हक्क चालत आलेला असतो. कापड उचलून आम्ही 'पुनर्वापर' करायला निघालो, म्हणजे त्यांच्या दृष्टीने आम्ही त्यांच्या पोटावर पाय द्यायला आलो होतो.

म्हणून पहिल्या आठवड्यात काहीही उचलू नका. कर्मचाऱ्यांसोबत, लाकडाच्या वखारवाल्यासोबत, नेहमी येणाऱ्या कचरावेचक बायांसोबत बसा. कोण काय नेतो, कशाचे पैसे येतात, काय नकोसं आहे, एवढं विचारा. जे ते आधीपासून नेतात ते त्यांचंच राहील, हे पहिल्या दिवशी सर्वांसमोर बोलून टाका. मग जागेच्या मालकाकडे, म्हणजे महापालिकेचं झोन कार्यालय असेल तर तिथे आणि ट्रस्ट असेल तर विश्वस्तांकडे, लेखी अर्ज द्या. अर्जात तीनच गोष्टी मागा: खताच्या हौदासाठी कोपरा, पाण्याची एक तोटी, आणि घंटागाडीची ठरलेली वेळ. जास्त मागितलं की फाइल फिरत राहते. आमची एक फाइल अशीच सात महिने फिरली.

पंधरा दिवसांची वही

शंभर पानी वही आणि लटकवायचा वजनकाटा घ्या. तारीख, किती मयत आले, फुलं किती किलो, कापड किती, प्लास्टिक किती, राख किती पाट्या, गाद्या किती नग. बस. पंधरा दिवस लिहा, मधे एक अमावस्या येऊ द्या. या वहीमुळे हौद केवढा बांधायचा ते कळतं, नाहीतर लोक वर्गणी जमली म्हणून मोठा हौद बांधतात आणि त्यात पुढे पाऊस साठतो.

वर्षातले काही दिवस वेगळे मोजा. पितृपक्षात, विशेषतः सर्वपित्री अमावस्येला अन्नाचा कचरा चढतो. शब-ए-बरातला कब्रस्तानात फुलं आणि अगरबत्त्या चढतात. २ नोव्हेंबरला ख्रिस्ती दफनभूमीत मेणबत्त्यांचं मेण आणि फुलांची चक्रं.

कचरा अडवायचा तो दुकानात

वही वाचल्यावर आमच्या ध्यानात आलं की स्मशानात कचरा असा फारसा तयार होतच नाही. तो घरून आणि दुकानातून येतो. मयताचं सामान विकणारी दुकानं ठरलेली असतात. घरात कोणी गेलं की शेजारचा एखादा जाणता माणूस दुकानात जाऊन म्हणतो, "मयताचं सामान बांधा." काय बांधायचं हे दुकानदार ठरवतो. दुःखात असलेल्या घराला त्या क्षणी कोणी पर्यावरण समजावू नये. दुकानदाराला मात्र आधीच सांगून ठेवता येतं.

आम्ही दुकानदारांपुढे ठेवलेली यादी अशी: नायलॉनच्या दोरीऐवजी सुतळी किंवा काथ्या. कापूर, हळद, बुक्का, उदबत्ती सगळं वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पुड्यांत न देता कागदी पुडीत. पॉलिस्टरच्या झगमगीत शालीऐवजी मांजरपाट किंवा सुती पंचा. हार जरीच्या चमकीशिवाय, साध्या दोऱ्यात ओवलेला. तूप प्लास्टिकच्या पिशवीत नको, घरून वाटीत आणा म्हणावं.

शालीचा मुद्दा नुसता कचऱ्याचा नाही. मानाची शाल, साडी म्हणून जे पांघरतात ते बहुतेक वेळा कृत्रिम धाग्याचं असतं. ते सुतासारखं जळून जात नाही, वितळतं, थेंब थेंब गळतं, आणि काळा उग्र धूर सरणाजवळ उभ्या असलेल्या मुलाच्या नाकात जातो. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या गावात निदान मयताच्या अंगावर तरी सूत असावं असं मला वाटतं. एका दुकानदाराने ऐकलं, दुसऱ्याने हसून चहा पाजला. ज्याने ऐकलं त्याच्याकडे लोकांना पाठवायला लागलो, तसा दुसराही काथ्या ठेवू लागला.

थर्माकोलची ताटं, वाट्या, प्लास्टिकचे चमचे यांबद्दल विनंती करायची गरजच नाही. राज्यात २०१८ पासून आणि देशभरात १ जुलै २०२२ पासून त्यांवर बंदी आहे. दहाव्याला येणाऱ्या आचाऱ्याला तेवढं आधी सांगा.

खांद्यावरून उतरल्यावरची दहा मिनिटं

सगळ्या व्यवस्थेचा कणा इथे आहे. तिरडी खाली ठेवल्यापासून अग्नी देईपर्यंत साधारण दहा-पंधरा मिनिटं मिळतात. त्या वेळात हार, शाली, दोऱ्या वेगळ्या निघाल्या तर पुढचं सोपं. एकदा सगळं गुलालात, पाण्यात, राखेत मिसळलं की कोणीही ते वेगळं करणार नाही, तुम्हीही नाही.

यासाठी ओट्यापासून आठ-दहा पावलांवर, पण वाटेतच, तीन टोपल्या ठेवा. डबे नकोत, बांबूच्या उघड्या टोपल्या. डब्यात हार टाकताना माणसाला कचरापेटीत टाकल्यासारखं वाटतं. टोपलीत ठेवताना वाटत नाही. पाट्याही तशाच लिहा. आम्ही आधी 'ओला कचरा' असं लिहिलं होतं. एक म्हातारे गृहस्थ पाटी वाचून हार हातात घेऊन उभेच राहिले. दुसऱ्या दिवशी पाट्या बदलल्या: 'फुलं-हार', 'कापड', 'इतर'. घनकचरा व्यवस्थापन नियमांत ओला, सुका असं वर्गीकरण मूळापासून करायला सांगितलंय, पण नियमाची भाषा पाटीवर आलीच पाहिजे असं कुठे आहे?

टोपलीजवळ एक माणूस उभा हवा. बोलायचं काही नाही, हात पुढे करायचा. खांदेकरी आपसूक त्याच्या हातात हार देतात.

बांबूचं काय करायचं हे त्या त्या घराच्या रिवाजावर सोडा. काही ठिकाणी तिरडीचा बांबू सरणात घालतात, काही जण बांबू जाळत नाहीत. राहिलेले बांबू दोरी कापून उभे रचा. रोपांच्या कुंपणाला, हौदावरच्या मांडवाला ते वर्ष-दोन वर्ष टिकतात.

गेलेल्या माणसाला पेसमेकर बसवलेला असेल तर तो स्मशानात येण्यापूर्वीच काढलेला हवा. त्यातल्या बॅटरीचा आगीत स्फोट होतो. डॉक्टरांकडून तो काढून घेतला का, हे अग्नी देण्याआधी एकदा घरच्यांना हळूच विचारा. आमच्या वहीत त्यासाठी आता एक रकाना आहे.

फुलांचं खत: सोलापूरच्या उन्हात

आता सगळ्यात कामाचा भाग. झेंडू, शेवंती, गुलाब, निशिगंध ही इथली नेहमीची फुलं. फुलात बहुतांश पाणीच असतं, म्हणून नुसत्या फुलांचा ढीग केला की दोन दिवसांत काळा चिखल होतो, माशा होतात, आणि मग कोणीतरी काडी लावतं. ती काडी महाग पडू शकते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या डिसेंबर २०१६ च्या आदेशानुसार उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरावे लागतात.

हार सोडवायचा एक हातखंडा आहे. प्रत्येक फूल तोडत बसू नका. गाठीच्या बाजूला एकच कात्री मारा, दुसऱ्या टोकाची गाठ पायाच्या अंगठ्याखाली धरा आणि हार मुठीतून ओढा. फुलं मुठीच्या वर गोळा होऊन टोपलीत पडतात, दोरा हातात राहतो. एक हार, चार सेकंद. आमच्यातल्या एका आजींनी हे शिकवलं, त्या पूर्वी फुलं ओवायच्या. दोरा सुती असेल तर हौदात चालतो, नायलॉनचा असेल तर 'इतर'मध्ये. चमकी, प्लास्टिकची पानं, गुच्छाच्या तारा, स्टेपलच्या पिना निवडा. गुलालाने माखलेली फुलं खतात घेऊ नका, रंग कशाचा आहे याचा भरवसा नसतो.

हौदासाठी नाडेप पद्धत चांगली. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांनी ती बसवली, 'नाडेप' हे त्यांच्याच नावावरून. जाळीदार विटांचा हौद, मूळ माप १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. एका स्मशानभूमीला एवढा मोठा लागत नाही. ६ बाय ३ बाय ३ फुटांचे दोन बांधा, एक भरत असताना दुसरा पिकत राहतो. विटांमध्ये मोकळ्या फटी सोडा, हवा खेळली पाहिजे. तळाला फुटक्या मडक्यांच्या खापऱ्यांचा चार बोटं थर द्या. खापऱ्यांना स्मशानात तोटा नाही, आणि त्यांतून जास्तीचं पाणी खाली निथळतं.

मग थर. एक पाटी फुलं, त्यावर दोन ते तीन पाट्या कोरडा पाला, त्यावर शेणकाल्याचा शिडकावा, मूठभर माती. कडुनिंब, पिंपळ, वडाचा पाला आवारातच मिळतो. लाकडाच्या वखारीतला भुसा, सालपटं हा तर ठेवाच. पाला कमी पडला की नवशिके फुलंच जास्त घालतात आणि तिथेच खत बिघडतं. कुजक्या अंड्याचा वास आला तर पाणी जास्त झालंय, पाला घालून हलवा. अमोनियासारखा, गोठ्याचा झणझणीत वास आला तर फुलं जास्त झालीत, तेव्हाही पालाच घाला. काहीच वास नाही, गरमही होत नाही, तर ते सुकलंय.

सोलापुरात शेवटचं दुखणं सगळ्यात मोठं. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर राहतो, हवा कोरडी, हौद वरून आठ दिवसांत कडकडीत होतो. पुस्तकात लिहिलेला 'अधूनमधून पाणी शिंपडा' हा सल्ला मुंबई-पुण्यासाठी ठीक आहे. इथे हौद झाडाखालीच बांधा, वर ओलं गोणपाट टाका, बांबूचा मांडव घाला. ओलावा तपासायला एक मूठ घेऊन घट्ट दाबा. बोटांतून एक-दोन थेंब आले की बरोबर. धार लागली तर जास्त, भुरभुरलं तर कमी.

पाणी कुठून आणायचं? चार-चार दिवसांनी नळ येणाऱ्या शहरात खताला पिण्याचं पाणी मागितलं तर लोक हसतील, आणि बरोबरच हसतील. मयतानंतर सगळे हातपाय धुतात. त्या तोट्यांखालून नाली काढून ते पाणी एका टाकीत घ्या. साबण फार नसेल तर खताला ते चालतं.

दर दहा-बारा दिवसांनी हलवा. चौथ्या-पाचव्या दिवशी हात घातला तर चटका बसेल इतका मधला भाग तापला पाहिजे. ५५ ते ६५ अंशांवर तणाचं बी मरतं. नीट ओलावा राखला तर दोन-अडीच महिन्यांत खत होतं. शंभर किलो ओल्या फुलांमागे फार तर पंधरा-वीस किलो हाती येतं, त्यामुळे खत विकून स्मशान चालवू असले मनोरे बांधू नका.

गांडूळखताचा आग्रह अनेक जण धरतात. धरा, पण जूननंतर. ३५ अंशांच्या पुढे गांडुळं तग धरत नाहीत. आमची पहिली बॅच मेमध्ये गेली. एका दुपारी सगळी गांडुळं हौदाच्या कडेला गोळा झालेली दिसली, संध्याकाळी संपली.

खत तयार झालं की नाही, हे मेथीला विचारा. एका वाटीत खत, एका वाटीत साधी माती, दोन्हींत वीस-वीस मेथीदाणे. पाच दिवसांत खताच्या वाटीत उगवण कमी किंवा पिवळी दिसली तर खत कच्चं आहे, आणखी पंधरा दिवस राहू द्या. हे खत झाडांना घाला, पालेभाजीला नको. बाजारातल्या फुलांवर फवारण्या झालेल्या असतात.

फुलांची अगरबत्ती करा, असंही सुचवतात. देवळातल्या फुलांची होईल. स्मशानातल्या फुलांची अगरबत्ती सोलापुरात कोण देवघरात लावणार, ते मला सांगा.

राख: इथेच बहुतेक सल्ले चुकतात

सावडायला तिसऱ्या दिवशी घरचे येतात, अस्थी घेतात, थोडी रक्षा घेतात. बाकीची राख ओट्यावर राहते आणि पुढच्या मयतासाठी ती कर्मचाऱ्याला सरकवावी लागते. नेहमीच्या सरणाला तीन-चारशे किलो लाकूड लागतं. लाकडाची राख त्याच्या शंभरात एक ते तीन भाग, म्हणजे जेमतेम काही किलो. गोवऱ्या जास्त वापरल्या तर मात्र राखेचे ढीग होतात, कारण गोवरीत माती आणि भुसकट असतं.

'राख म्हणजे उत्तम खत, शेतात टाका' हे वाक्य कोकणातल्या आंबट जमिनीसाठी खरं असेल. सोलापूरची काळी जमीन मुळातच चुनखडीची आणि अल्कधर्मी. राखेचा सामू (पीएच) दहाच्या पुढे. दुखऱ्या जागेवरच मीठ चोळल्यासारखं होतं ते. हाडांच्या राखेत स्फुरद असतो हे खरं, पण अशा जमिनीत तो झाडाला सहज मिळत नाही. खतात राख घालायचीच तर विसात एक पाटी, त्याहून जास्त नाही. शंका असेल तर माती परीक्षण करून घ्या. सोलापुरात १९३३ पासून कोरडवाहू शेतीवर संशोधन चालतं, विचारायला माणसं गावातच आहेत.

काम असं करा. सावडून झाल्यावर निदान एक अख्खा दिवस राख हलवू नका. वरून थंड दिसली तरी पोटात निखारा असतो, घंटागाडीत आग लागते ती अशीच. मग तोंडाला फडकं बांधून, हलकं पाणी शिंपडून, वाळूच्या चाळणीने चाळा. वर राहतात खिळे, नाणी, कोळसा आणि कधी कधी हाड जोडायला घातलेली स्टीलची पट्टी किंवा खुब्याचा गोळा. अस्थीचा तुकडा दिसला तर वेगळ्या मडक्यात ठेवा, तो कचरा नव्हे. महिन्यातून एकदा ते मडकं विधिपूर्वक विसर्जित करायची जबाबदारी एका माणसाने घ्यावी. धातूच्या पट्ट्या कुलूपबंद डब्यात जमवा, नोंद करा, आणि भंगारातून येणारे पैसे कुठे जातील हे आधी ठरवून फळ्यावर लिहा. इथे पारदर्शकपणा नसला तर गावात काय बोलतील याची कल्पना करा.

चाळलेली राख पत्र्याच्या छपराखाली, सिमेंटच्या तळाच्या खड्ड्यात साठवा. विहीर किंवा बोअरपासून लांब, पावसात वाहून जाणार नाही अशी. नंतर मुरमात मिसळून आवारातले रस्ते भरायला, फरशीखालच्या भरावाला ती चालते. कोळसा कुटून शेणकाल्यात भिजवून थोडा थोडा हौदात घाला.

नदीत सगळी रक्षा टाकण्याबद्दल लोकांशी वाद घालू नका. भीमा आणि सीनेच्या संगमावर, हत्तरसंग कुडलला, पुष्कळ घरं जातात. शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे तिथे. माणसं त्या घाटावर किती पिढ्यांपासून जात असतील! फक्त एवढं सुचवा की अस्थींसोबत मूठभर रक्षा पाण्यात द्या, प्लास्टिकची पिशवी परत आणा, बाकीची जमिनीत. आपल्याकडच्या खेड्यांतून रक्षेवर झाड लावायची पद्धत चांगली रुळली आहे, शहरातल्या माणसालाही ती पटते.

गाद्या, कपडे आणि आजारपणाचं सामान

गेलेल्या माणसाची गादी, उशी, घोंगडं, कपडे स्मशानात आणून टाकायची रीत अजून आहे. दोन ढीग करा. दीर्घ आजारातली, डागाळलेली गादी एका बाजूला, ती हातमोज्यांशिवाय उचलू नका. ती महापालिकेच्या गाडीत सांगून द्यायची. कोरडी, स्वच्छ गादी उसवून कापूस तीन-चार दिवस कडक उन्हात पसरा. असा कापूस पिंजारी घेतो. सुती कपडे उकळत्या पाण्यात धुऊन, वाळवून, चिंध्या करून गॅरेजवाल्यांना द्या, यंत्र पुसायला त्यांना हव्याच असतात. चांगले कपडे गरिबांना वाटावेत असं आम्हाला आधी वाटलं होतं. एका बाईने साडी घेतली आणि कुठली आहे कळल्यावर रडत परत आणून दिली. त्यानंतर आम्ही ते बंद केलं.

डायपर, लघवीची नळी आणि पिशवी, पट्ट्या हे सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून लाल खूण करून वेगळं. सुया आणि दहाव्याला न्हाव्याने टाकलेली पाती जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण घट्ट. सफाई कामगाराचा हात कापला जातो तो बहुधा पात्यानेच.

दहाव्याचे कापलेले केस मात्र फेकू नका. केसात नत्र भरपूर असतो. हौदात पातळ थर करून टाका, गोळा करून टाकले तर वर्षभर तसेच राहतात. पिंडाचा भात कावळा शिवल्यावर दुपारपर्यंत राहू द्या, मग हौदात मधोमध पुरा. वर ठेवला तर कुत्री हौद उकरतात.

दफनभूमीत घाई नको

इथे बाहेरच्या माणसाने स्वतः ठरवून काही करू नये. कब्रस्तानात तिथली व्यवस्था पाहणाऱ्या मुतवल्लींना, लिंगायत दफनभूमीत समाजाच्या ज्येष्ठांना, ख्रिस्ती दफनभूमीत चर्चच्या समितीला विचारा. आम्हाला मिळालेलं उत्तर सगळीकडे जवळपास सारखं होतं: तिसरा दिवस होईपर्यंत थडग्यावरच्या फुलांना हात लावू नका. तोवर फुलं सुकतात, ओझं हलकं होतं, हे आपल्या पथ्यावरच पडतं. फुलांच्या चादरीचा जाळीचा दोरा बहुतेक वेळा नायलॉनचा असतो, तो आधी ओढून काढा. लिंगायतांच्या सजवलेल्या विमानाची, म्हणजे मृताला बसवून नेतात त्या पालखीची, फुलं पुष्कळ असतात पण ती एकाच जागी मिळतात, बेलाची पानं खताला उत्तम. ख्रिस्ती फुलचक्रांची तार आणि थर्माकोलचा सांगाडा फूलवाल्याला परत द्या, तो पुन्हा वापरतो. मेण खरवडून डब्यात.

उकरलेली माती बाहेर जाऊ देऊ नका. पहिल्या पावसात कबर खचते, तेव्हा तीच माती वर टाकावी लागते. जुन्या फरशा, फुटकं सिमेंट हे बांधकामाच्या कचऱ्यात मोडतं, घंटागाडीत टाकू नका.

गाजरगवत फुलं येण्याआधी उपटा, सप्टेंबर हाताबाहेर जाऊ देऊ नका. फुलावर आलेलं गवत खतात घातलं तर पुढच्या वर्षी खत जाईल तिथे ते उगवतं. वाळलं गवत मार्चआधी काढा, एका उदबत्तीने अख्खं कब्रस्तान पेटलेलं मी पाहिलंय.

उरलेलं

एवढं करूनही काही उरतंच: नायलॉनच्या दोऱ्या, मळकं प्लास्टिक, गुलालाची फुलं. त्याची पोती बांधून घंटागाडीला द्यायची, ती तुळजापूर रोडवर भोगावच्या डेपोला जातात. आमच्याकडे सुरुवातीला रोज गाडी लागायची, आता आठवड्यातून दोनदा भागतं. बाटल्या, पुठ्ठा, पत्रा कचरावेचक बायांना द्या. वजन त्यांच्यासमोर करा.

खत आणि मडकी

झाडं लावायची ती मृगाचा पाऊस बसल्यावर. कडुनिंब, करंज, चिंच, बेल, वड. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा, तळाला खापऱ्या, मग एक भाग खत आणि तीन भाग माती. कुणाची रक्षा घालायची असेल तर एक ओंजळ, आणि ती रोपाच्या मुळाशी नको, खड्ड्याच्या कडेने मातीत मिसळून.

सावडायच्या दिवशी आणलेली काही मडकी न फुटता राहतात, लोक ती घरी नेत नाहीत. त्यातलं एक रोपापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरा, पाण्याने भरा, वर फुटकी परळ झाका. मातीच्या अंगातून पाणी झिरपतं, तेवढंच मूळ शोधत येतं. पावसाळा सरला की आठवड्यातून दोनदा मडकं भरावं लागतं. आमच्याकडे ते कोणी सांगितल्याशिवाय होतं. वर्षश्राद्धाला आलेली माणसं आपल्या झाडाजवळ जातात, परळ उचलून आत डोकावतात, आणि हौदाजवळच्या टाकीतून तांब्याभर पाणी आणून ओततात.